सायबर सुरक्षेचं एम.टेक.

ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड निघत होती. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच घुसवलेला बनावट स्विच परस्पर मंजुरी देत होता.

असे गुंते सोडवायला शिकवते ती सायबर सुरक्षेतली पदव्युत्तर पदवी. पुण्यात गिरिनगरच्या ‘डायट’ या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत हे एम.टेक. आहे. अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा. प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी ‘गेट’ परीक्षेचे गुण लागतात.

हॅकिंगच्या ओढीनं आलेल्यांची गाठ आधी गणिताशी पडते, आणि ते योग्यच आहे. आरएसए कूटपद्धती उभी आहे ती मूळ संख्यांवर.

सर्वांत रंगतदार विषय डिजिटल न्यायवैद्यक. जप्त केलेल्या हार्ड डिस्कवर थेट काम करायचं नाही. तिची तंतोतंत प्रत काढायची, मग मूळ आणि प्रत दोन्हींचा हॅश, म्हणजे माहितीवरून गणितानं काढलेला ठसा, जुळवायचा. एक बिट जरी बदलला, तरी हॅश वेगळा येतो. न्यायालयात पुरावा टिकतो तो या काटेकोरपणामुळे.

हॅकिंगचा सराव मात्र प्रयोगशाळेतल्या वेगळ्या नेटवर्कवरच. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची.