अडगावच्या रणातले मन्याबापू



कळंब म्हटलं की आज सगळ्यांना आठवतो तो चिंतामणी. पण एके काळी हे राज्यकारभाराचंही ठाणं होतं. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात कळंब नावाचं स्वतंत्र सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाच. पुढे वऱ्हाडात दोअमली आली. मुलूख निजामाचा, पण वसुलाला निजामाचीही माणसं येत आणि नागपूरकर भोसल्यांचीही. एका शेतावर दोन धनी. ही दोअमली मोडली १८०३ च्या डिसेंबरात, आणि वर्धा नदीच्या अलीकडचा आपला मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. ज्या लढाईमुळे तो गेला, तिच्या सेनापतीबद्दल आणि त्याच्या घराबद्दल आज बोलायचं आहे.

त्यांचं नाव व्यंकोजी भोसले. घरात आणि दरबारात त्यांना मन्याबापू म्हणत. मुधोजी भोसल्यांचे ते पुत्र, आणि नागपूरचे राजे दुसरे रघूजी यांचे धाकटे भाऊ.

हे घर भाऊबंदकीनं पोळलेलं होतं. चुलते जानोजी वारल्यावर गादीसाठी मुधोजी आणि साबाजी हे सख्खे भाऊ एकमेकांवर फौजा घेऊन चालून गेले. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली आणि साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. मन्याबापू आणि रघूजी वाढले ते या रक्ताच्या आठवणीत. त्यामुळे पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मधले भाऊ खंडोजी १७८९ मध्ये गेले आणि रघूजी नि मन्याबापू दोघेच उरले, पण त्यांच्यात तलवार निघाली नाही. रघूजी सेनासाहेब सुभा, मन्याबापू सेनाधुरंधर. चांदा आणि छत्तीसगड थोरल्यानं धाकट्याकडे सोपवलं. छत्तीसगडचा कारभार मन्याबापू नागपुरात राहून सुभेदारांमार्फत चालवत.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं. समोरही दोन भाऊच होते. थोरला रिचर्ड वेलस्ली कलकत्त्याला गव्हर्नर जनरल, आणि धाकटा आर्थर दख्खनच्या फौजेवर. आर्थर तेव्हा चौतीस वर्षांचा होता. नेपोलियनही त्याच्याच वयाचा, दोघांचा जन्म १७६९ चा. २३ सप्टेंबरला असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला. तिथून रघूजी लवकर निघून गेले होते. त्यानंतर भोसल्यांची फौज सांभाळायचा भार पडला मन्याबापूंवर.

२९ नोव्हेंबर १८०३. ठिकाण अडगाव, आजच्या अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात. इंग्रजी पुस्तकांत ते ‘अरगाव’ असं लिहिलेलं असतं, म्हणून आपल्यातल्या पुष्कळांना ही लढाई आपल्या वऱ्हाडातली आहे हे कळतच नाही. मन्याबापूंनी सपाट रानात लांब ओळ धरली. पायदळ, तोफा, आणि बाजूला शिंद्यांचे घोडेस्वार. इंग्रज फौज लांबची मजल मारून दुपार कलल्यावर तिथं पोचली. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या, आणि जी मद्रासी पलटणं असईला पाय रोवून उभी राहिली होती, त्यांतली काही पाठ फिरवून पळाली. वेलस्लीनं स्वतः पुढे होऊन त्यांना थोपवलं, पुन्हा ओळीत आणलं. तेवढा वेळ लढाई खरोखर मन्याबापूंच्या बाजूनं झुकलेली होती. त्यांच्याकडची अरब तुकडी गोऱ्या पलटणींवर थेट धावून गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. मग ओळ फुटली. अडतीस तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पाठलाग चांदण्यात रात्री उशिरापर्यंत चालला.

पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला. तिथं किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत दरवाजाजवळ लढता लढता पडले. आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, बालेश्वर गेलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले. आपलं कळंब मात्र त्या दिवसापासून एकट्या निजामाचं.

पुढच्या काही वर्षांत युरोपात रशियाचा सेनापती कुतुझोव्ह नेपोलियनशी झुंजला. १८१२ मध्ये बोरोडिनोला रणांगण सोडून मागे हटला, तरी त्याचं नाव रशियात घरोघर घेतलं जातं. मन्याबापूंना हरवणारा आर्थर वेलस्ली १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला. ज्या माणसानं अडगावला त्याच्या पलटणी पळायला लावल्या, त्याचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पराभवानंतर नागपूरचे दिवस पालटले. गेलेल्या मुलखाची तूट रघूजींनी रयतेकडून इतकी पिळून काढली की लोक त्यांना ‘बडा बनिया’ म्हणू लागले. मन्याबापू १८११ मध्ये काशीला वारले. मागे मुलगा राहिला मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, पंधराच्या आसपासचा.

आणि बापांनी जे टाळलं ते मुलांच्या पिढीत पुन्हा उभं राहिलं. १८१६ मध्ये रघूजी गेले. त्यांचा मुलगा परसोजी दुबळा आणि आजारी, म्हणून कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे आला. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मेलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला, वडिलांच्या जुन्या जहागिरीत होते. खुनाचा आरोप त्यांच्यावर आला तो पुढे, इंग्रजांशी बिनसल्यावर. तो पूर्ण खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण आधी मुकाट राहून नंतर पुरावे काढणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, असंही मला वाटत नाही.

नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब हरले. पेशवे दुसरे बाजीराव आपल्याच जिल्ह्यातून चांद्याच्या वाटेनं त्यांना मिळायला निघाले होते. १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अॅडम्सनं पेशव्यांची फौज उधळली, आणि मे महिन्यात चांद्याचा किल्लाही घेतला. आप्पासाहेब तेव्हा इंग्रजांच्या कैदेत होते. त्यांना अलाहाबादकडे नेत असताना पहारेकऱ्यांना फोडून, शिपायाचा पोशाख चढवून ते निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. पुढे असीरगड, मग पंजाब, आणि शेवटी जोधपूर. इंग्रजांनी मागणी करूनही राजा मानसिंगानं त्यांना हवाली केलं नाही. मन्याबापूंचा हा मुलगा १८४० मध्ये तिथंच वारला.