सोडून पुन्हा बांधता येणारी मशीद

कोलशेतच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्हाला २६ जुलै २००५ चा पाऊस अजून आठवतो. घर गेलं की माणूस आधी छप्पर शोधतो, मग मन मोकळं करायला जागा. नमाजाला स्वच्छ जमीन पुरते. पण छावणीत बायकांना आडोसा कुठला?

१९९५ च्या भूकंपानंतर जपानच्या कोबे शहरात शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांचं चर्च उभारलं. पुढे ते सुटं करून तैवानला नेलं. आपल्याकडे बांबू आहे, ताडपत्री आहे, मांडव घालणारे हात आहेत. तोंड पश्चिमेला, वजूचं पाणी झाडांना, बायकांना वेगळं दार. गरज सरली की गाठी सोडायच्या, पुढच्या गावाला द्यायच्या. मात्र आखणीला बायका हव्यातच. हे पावसाळ्याआधीच बैठकीत ठरवू या.