रिले कोणाचा? विजेचा की मोटारीचा?
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजकारणावर बोला म्हटले की आपल्याकडे निवडणूक निघते, भाषेचा प्रश्न निघतो, शाळांचे अनुदान निघते. सीमाशुल्काच्या दरपत्रकावर भाषण द्यायला कोणी कोणाला बोलावत नाही. तरी मी आज हाच विषय मागून घेतला. आपल्या इंदूरच्या कितीतरी घरांतला तरुण मुलगा सकाळी पीथमपूरच्या बसमध्ये बसतो. तिथले कारखाने मोठ्या गाड्या बनवतात, आणि त्यांच्याभोवती लहान पुरवठादारांचे जाळे आहे. त्यातले काही जण रिले, सेन्सर, कंट्रोल युनिट असा माल बाहेरून आणतात, जोडणी करून पुढे देतात. तेव्हा हा रुक्ष विषय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

आधी मूळ गोष्ट सांगतो. परदेशातून माल आला की त्याला एक आकडा द्यावा लागतो. त्या आकड्यावरून कर ठरतो. हे आकडे आपले नाहीत. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत 1988 पासून जगभर चालते. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे आणि पुढचे दोन आपले. गंमत अशी की वस्तू एकच असली तरी तिला दोन-तीन घरे शोभून दिसतात.

आता ट्रकमधला साधा रिले घ्या. मूठभर डबी. आत वेटोळे आणि संपर्कपट्ट्या. 8536 या मथळ्यात रिले नावानेच लिहिलेला आहे. 60 व्होल्टपर्यंतच्या रिलेला तर स्वतंत्र उपमथळाही आहे. मग वाद कसला? वाद असा की 8708 हा मथळा आहे 'मोटारवाहनांचे भाग व उपसाधने'. हा रिले ट्रकखेरीज कुठेच बसत नसेल, तर तो विजेचा माल की मोटारीचा भाग?

त्याचे उत्तर दरपत्रकातच आहे, पण एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन टिपांमध्ये. वाहनांच्या सतराव्या विभागाची दुसरी टीप म्हणते की 85 व्या प्रकरणातील विद्युत यंत्रे व साधने 'भाग' या शब्दात येत नाहीत, मग ती वाहनासाठीच बनवलेली का असेनात. त्याच विभागाची तिसरी टीप म्हणते की जो भाग केवळ किंवा मुख्यतः त्या वाहनासाठीच योग्य आहे, तो वाहनाच्या मथळ्यात घाला. माझ्या वाचनाप्रमाणे दुसरी टीप आधी लागते. ती ज्यांना बाहेर काढते, त्यांच्यासाठी तिसरीचा विचारच करायचा नाही. हॉर्न, वायपर 8512 मध्ये, इग्निशनची साधने आणि अल्टरनेटर 8511 मध्ये, वायरिंगचा हार्नेस 8544 मध्ये. हे सगळे मोटारीचेच आहेत, पण दरपत्रकाने त्यांना विजेच्या घरात ठेवले आहे.

कंट्रोल युनिटची गोष्ट आणखी अवघड. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, तो 8537 मध्ये विद्युत नियंत्रणाचा बोर्ड म्हणून जावा की 9032 मध्ये स्वयंचलित नियामक म्हणून? 9032 मध्ये जायचे तर त्या साधनाने प्रत्यक्ष स्थिती सतत किंवा ठराविक अंतराने मोजली पाहिजे, ती ठरवलेल्या मूल्याशी ताडली पाहिजे आणि फरक पडला तर दुरुस्त करून ते मूल्य टिकवले पाहिजे. नुसता हुकूम सोडणारी पेटी त्यात बसत नाही. म्हणजे आयात करणाऱ्याला आपल्या मालाच्या आत काय चालते हे अभियंत्याइतके ठाऊक हवे. आणि आपला लहान पुरवठादार? त्याच्या हातात विक्रेत्याचे एक पानी पत्रक असते, तेही बहुधा चिनी कंपनीने मोडक्या इंग्रजीत लिहिलेले.

आता न्यायालयात काय झाले ते पाहू. 8 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर या कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला. माल होता रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत लागणारे रिले. सरकार म्हणत होते 8536, कंपनी म्हणत होती रेल्वे सिग्नलच्या साधनांचा 8608. न्यायालयाने 'केवळ किंवा मुख्यतः' या कसोटीला महत्त्व देऊन कंपनीच्या बाजूने कौल दिला. कंपनी जिंकली, छान झाले. पण पुढचा भाग पाहा. हाच निकाल हातात घेऊन सरकारी खाते मोटारीच्या भागांकडे वळले. तुमचे रिले, स्विच, सेन्सर मोटारीसाठीच आहेत ना? मग ते 8708 मध्ये चला आणि फरक भरा. एका करदात्याच्या विजयाचा दाखला दुसऱ्या करदात्यांविरुद्ध वापरला गेला. शेवटी केंद्रीय मंडळाला 5 जानेवारी 2022 रोजी सूचना काढावी लागली की हा निकाल सरसकट लावू नका, दरपत्रकाच्या टिपा आणि इतर निकालही पाहा. त्या आधी 2020 मध्ये युनि प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच गाडीत अंथरायच्या चटया गाडीच्या भागांत न घालता गालिच्यांत घातल्या होत्या. तेव्हा 'गाडीत बसते म्हणून गाडीचा भाग' हे सूत्र न्यायालयाला नेहमी मान्य होते असे नाही.

यात पैसा किती, ते सांगतो. 2018 च्या अर्थसंकल्पात वाहनांच्या अनेक सुट्या भागांवरचे मूळ शुल्क 15 टक्क्यांवर नेले गेले. हेतू देशी उत्पादनाला संरक्षण, आणि हेतूला माझा विरोध नाही. समजा एका मथळ्यात 15 टक्के आणि दुसऱ्यात 10 आहे. शंभर रुपयांच्या मालावर मूळ शुल्कात 5 रुपये फरक, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार धरून साडेपाच. हे साडेपाच रुपये परत मिळत नाहीत, जीएसटीसारखी त्यांची वजावट नाही. दहा लाखांच्या खेपेवर 55 हजार. महिन्याला एक खेप, पाच वर्षे, म्हणजे 60 खेपा आणि 33 लाख. त्यावर वर्षाला 15 टक्के व्याज. आणि खात्याने 'माहिती दडवली' असा ठपका ठेवला तर शुल्काइतकाच दंड वेगळा. दहा-बारा कामगारांचा कारखाना इथे बंद पडतो. त्याने गाडीवाल्या कंपनीला माल त्या वेळच्या भावाने देऊन टाकलेला असतो. पाच वर्षांनी कोणती कंपनी त्याला फरक देणार?

माझा मुख्य राग 'पाच वर्षे' या शब्दांवर आहे. कायद्याच्या कलम 28 मध्ये साधी चूक असेल तर मागणीची मुदत दोन वर्षे आहे. पाच वर्षे मागे जायचे तर संगनमत, मुद्दाम खोटे निवेदन किंवा माहिती दडवणे दाखवावे लागते. मालाचे वर्णन खरे लिहिले, किंमत खरी लिहिली, फक्त मथळा खात्याला पटला नाही, तर ते दडवणे कसे? सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच नॉर्दर्न प्लास्टिकच्या प्रकरणात म्हटले आहे की वर्णन खरे असताना एखाद्या वर्गीकरणाचा किंवा सवलतीचा दावा करणे म्हणजे खोटे निवेदन नव्हे. तरीही नोटिसा पाच वर्षांच्या निघतात. अपील करायचे तर वादातल्या शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरा, मग बोला. मोठ्यांचे वकील मुंबईत बसलेले असतात. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला 2024 मध्ये सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस आली. आरोप असा की जवळजवळ पूर्ण गाडीचे संच सुटे भाग म्हणून दाखवले. कंपनी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण त्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. पीथमपूरचा आपला माणूस क्लिअरिंग एजंटकडे जातो, आणि एजंट सांगतो, "साहेब, भरून मोकळे व्हा."

यावर उपाय नाही असे नाही. माल आणण्यापूर्वी आगाऊ निर्णय मागता येतो. 2021 पासून त्यासाठी मुंबई आणि दिल्लीला प्राधिकरणे आहेत. निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. पण तो अर्ज करणाऱ्यापुरताच बांधील असतो, आणि तोच प्रश्न अधिकाऱ्यासमोर आधीच पडला असेल तर अर्ज घेतला जात नाही. म्हणून नवा माल आणणाऱ्यांनी पहिल्या खेपेच्या आधीच जावे. 2025 च्या वित्त कायद्याने माल सोडवल्यानंतर स्वतःहून नोंद दुरुस्त करण्याची सोय आणली आणि तात्पुरत्या आकारणीचा निकाल लावायला दोन वर्षांची मर्यादा घातली. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, हेही बोलायला हवे.

आणि एक गोष्ट सरकारने स्वतःच करून दाखवली आहे. जीएसटीत 8708 वर 28 टक्के आणि रिले-स्विचच्या मथळ्यांवर 18 टक्के अशी दरी कित्येक वर्षे होती आणि तिच्यावरूनही भांडणे होती. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या सगळ्या भागांवर, मथळा कोणताही असो, 18 टक्के झाले. भांडणाचे कारणच गेले. मग सीमाशुल्कात हेच का होऊ नये? मोटारीच्या विद्युत भागांना 8708, 8536, 8537, 9032 या सगळ्या मथळ्यांत एकच दर द्या. दर 10 ठेवा, साडेबारा ठेवा, तो सरकारचा अधिकार. एकच दर असेल तर अधिकाऱ्याला आकडा बदलून काही मिळणार नाही आणि व्यापाऱ्यालाही काही लपवावेसे वाटणार नाही.

दुसरी मागणी, निव्वळ वर्गीकरणाच्या वादात दोन वर्षांपलीकडे जाऊ नये असे कायद्यात स्पष्ट लिहावे. तिसरी, एका बंदरावर मान्य झालेला मथळा दुसऱ्या बंदरावर विनाकारण नाकारू नये. न्हावाशेवाला एक आणि आपल्या जवळच्या कोरड्या बंदरात दुसरे, असे कसे चालेल?

अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्रालय व्यापारी व उद्योग संघटनांकडून लेखी सूचना मागवते. आपले मंडळ उद्योग संघटना नाही, पण पीथमपूरच्या संघटनांत आपली माणसे आहेत. त्यांच्यामार्फत या तीन मागण्या जाव्यात आणि एक प्रत आपल्या खासदारांना मिळावी असा प्रस्ताव मी मांडतो. मसुदा मी आणला आहे. ज्यांना गेल्या काही वर्षांत अशी नोटीस आली असेल त्यांनी बिल ऑफ एन्ट्रीची प्रत आणि मालाचे पत्रक मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. नाव झाकून दिले तरी चालेल. पत्राला खऱ्या खेपा जोडता आल्या तर दिल्लीत ते कोणी वाचेल.