'अल्पशा आजाराने'

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या मंगलप्रसंगी मृत्यूविषयी बोलावयास उभे राहणे औचित्याला धरून नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि सेवानिवृत्तीनंतर या स्मरणिकेतील श्रद्धांजलीचे पान जुळविण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आणि ते करीत असता एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. घरोघरून येणाऱ्या चिठ्ठ्यांत दिवंगतांचे नाव, वय, गाव आणि तिथी असते. कारणाच्या जागी बहुधा एकच शब्दप्रयोग असतो : 'अल्पशा आजाराने'. मागाहून चौकशी केली म्हणजे कळते की, कोणास न्यूमोनिया झाला होता, कोणाच्या लघवीत जंतुदोष होता, कोणाचे पित्ताशय सुजले होते, तर कोणा लेकीस बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी ताप भरला होता. आजार निरनिराळे, परंतु शेवटचे एकदोन दिवस पुष्कळांचे सारखेच. धाप, भ्रम, गार पडलेले हातपाय, बंद झालेली लघवी. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात 'सेप्सिस' असे नाव आहे.

आपण 'जखम सेप्टिक झाली' असे म्हणतो, तेव्हा जखमेत पू झाला एवढाच आपला अर्थ असतो. सेप्सिस म्हणजे तेवढेच नव्हे. शरीरात कोठेही जंतू शिरले की त्यांचा प्रतिकार करण्याची व्यवस्था निसर्गानेच केलेली आहे. परंतु कधीकधी ही व्यवस्थाच बेताल होते. गावात चोर शिरला म्हणून लोकांनी काठ्या उगाराव्यात आणि अंधारात आपल्याच माणसांची डोकी फोडावीत, तसा हा प्रकार. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब उतरतो, आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांना रक्त पुरेनासे होते. जखम पायाला असते आणि माणूस जातो तो मूत्रपिंडे बंद पडून. विषाणूंमुळेही असे होते. कोरोनाच्या साथीत 2020 व 2021 साली अत्यवस्थ झालेल्या पुष्कळ रोग्यांची स्थिती याच जातीची होती.

आता मोजणीकडे वळू. शिक्षक या नात्याने आम्ही दोन जनगणनांत घरोघर फिरलो आहोत. माणसे मोजणे किती कठीण, हे तेव्हा समजले. मरणे मोजणे त्याहून कठीण. मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजार लिहिण्याची रीत आहे : मधुमेह, कर्करोग, अपघात. सेप्सिस हा मधला दुवा असल्यामुळे तो मोजणीतून निसटतो. शिवाय आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी 2020 साली शेकडा 22-23 मृत्यूंनाच कारणाचा वैद्यकीय दाखला होता. उरलेल्यांचे कारण घरची माणसे सांगतील ते.

ही उणीव ओळखून काही संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील सुमारे 10 कोटी 90 लाख मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि त्यांतील मूळ आजाराबरोबर मधले दुवेही विचारात घेऊन जगाचा अंदाज बांधला. तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2020 च्या आरंभी छापून आला. त्यानुसार 2017 या एका वर्षात जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे 1 कोटी 10 लाख लोक त्यात दगावले. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंत जवळजवळ एक! एकट्या भारताच्या वाट्याला सुमारे 1 कोटी 13 लाख रोगी आणि 29 लाख मृत्यू आले. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, हे खरे. पण आम्ही वर्गात उदाहरणे घालीत असू तसे हे उदाहरण मांडून पाहा : 29 लाखांना 365 दिवसांनी भागले तर दिवसाला जवळजवळ आठ हजार. रेल्वेच्या अपघातात आठ माणसे गेली तर वर्तमानपत्राचे पहिले पान भरते. हे आठ हजार मात्र 'अल्पशा आजारा'त विरून जातात.

त्या आकड्यांत एक आमच्या घरचा आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, 2011 साली गेले. मधुमेह जुना होता. शेतात टाचेत बाभळीचा काटा मोडला. वहिनींनी तो काढून हळद भरली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. गावातच एक इंजेक्शन दिले गेले आणि ताप उतरला. आम्ही सर्व निश्चिंत झालो. वास्तविक ताप उतरला तो अंग गार पडत चालल्यामुळे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. रात्री दादा आमच्या पुतण्याला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागले. 'वय झाले, ग्लानीत बोलतात,' असे आम्हीच वहिनींना समजाविले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दुपारपासून लघवीला उठले नाहीत हो." आम्ही म्हणालो, "उजाडू द्या, पहिल्या एस.टी.ने नेऊ." शेजारी जीपगाडी उभी होती. भाड्याचा विचार मनात आला नाही, असे म्हणणे खोटे होईल. दुसऱ्या दिवशी सायंकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांनी देह ठेवला. दाखल्यावर 'मधुमेह' असे आले. स्मरणिकेसाठी चिठ्ठी आम्हीच लिहून धाडली, आणि तीत काय लिहिले ते निराळे सांगावयास नको.

हे सारे दैवाधीन आहे, असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही, याचे प्रमाण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकांची तपासणी शिकविली. मूल दूध ओढीत नाही, रडणे क्षीण झाले, अंग गार किंवा तापलेले लागते, श्वास जलद चालतो, या खुणांवरून त्यांनी 39 गावांत जंतुदोष ओळखावयाचा आणि शिकविल्याप्रमाणे औषध द्यावयाचे. पूर्वी अशा आजारी बालकांपैकी शेकडा 16-17 दगावत. या उपचारानंतर तो आकडा तीनच्याही खाली आला. 1999 साली हे जगापुढे मांडले गेले. अर्थात त्या बायका शिकलेल्या होत्या आणि त्यांवर देखरेख होती. औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणून बरे वाटताच दोन ठेवून देणे, हा आपल्या घरोघरचा प्रकार त्याच्या नेमका उलट आहे. त्याने जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

मोठ्या माणसांच्या खुणा आम्ही वर सांगितल्याच आहेत. त्यांत एवढेच जोडतो की, वृद्धांना ताप येतोच असे नाही. अचानक बडबड किंवा गुंगी हीच पहिली खूण असू शकते. मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी, कर्करोगावर उपचार घेणारे, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत सकाळची वाट पाहू नये. रक्तदाब कोसळला असल्यास जंतुनाशक औषध तासाभराच्या आत सुरू करावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा दवाखान्याच्या दारात पाऊल ठेवताच, "यांना सेप्सिस तर नसेल ना?" असे स्पष्ट विचारावे. मास्तरकी केलेल्या माणसाला ठाऊक असते की प्रश्न विचारल्याने कोणी रागावलेच, तर ते क्षणभरच.

शेवटी कामाचे. श्रद्धांजलीच्या चिठ्ठीत आम्ही यंदा एक रकाना वाढविला आहे : 'शेवटच्या आठवड्यात काय काय झाले'. कार्यकारी मंडळातील दोघा वडीलधाऱ्यांना तो अशुभ वाटला. चर्चेअंती, मजकूर छापावयाचा नाही, केवळ नोंदवहीत ठेवावयाचा, या अटीवर संमती मिळाली. चिठ्ठ्या खजिनदारांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी गेल्या वर्षात दुःखद प्रसंग घडला असेल त्यांनी जाताना एक घेऊन जावी, आणि दिवाळीपूर्वी आमच्याकडे पोहोचती करावी.