छायाचित्रांचे दाखलपत्र : उज्जयिनीच्या वास्तूंच्या निमित्ताने



ग्रंथालयात आलेले पुस्तक दाखलपत्र लिहिल्याखेरीज फडताळात जात नाही. गेलेच तर ते हरवल्यात जमा. इंटरनेटवर ठेवल्या जाणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांच्या वाट्याला मात्र हा संस्कार क्वचितच येतो.

उज्जयिनीच्या वेधशाळेचेच पाहावे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी येथे वेधशाळा उभारल्या. सम्राट यंत्र दिल्लीत आहे, जयपुरात आहे, काशीत आहे आणि येथे क्षिप्राकाठीही आहे. मग 'सम्राट यंत्र, जंतरमंतर' एवढ्याच मथळ्याचे चित्र कोणत्या गावचे समजावे? त्यातून या वास्तूला कोणी यंत्रमहाल म्हणतो, कोणी जीवाजी वेधशाळा. एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाखालची चित्रे सापडत नाहीत. मथुरेची वेधशाळा तर १८५७ पूर्वीच नाहीशी झाली. तिच्या बाबतीत चित्राचा आधारही उरला नाही.

यावरचा उपाय ग्रंथपालांना नवा वाटणार नाही. 'विकिडेटा' या २०१२ पासूनच्या कोशात प्रत्येक वास्तूला एक क्रमांक मिळतो आणि सर्व भाषांतील नावे त्या क्रमांकाला जोडता येतात. 'विकिमीडिया कॉमन्स' या चित्रसंग्रहात २०१९ पासून छायाचित्रही त्याच क्रमांकाशी बांधता येते. आपल्या तालिकेतील 'पाहा' असे सांगणारी पत्रे हेच काम करीत आली आहेत. स्थळ आणि काळ यांचे स्वतंत्र पैलू मानणारी रंगनाथनांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती तर १९३३ सालची!

काळाच्या रकान्यात मात्र घोटाळा फार होतो. वास्तू बांधल्याचे वर्ष, छायाचित्र टिपल्याचे वर्ष आणि ते संगणकावर चढवल्याचे वर्ष ही तीन निराळी. वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत झाली. चित्र त्याआधीचे की नंतरचे, हे कळल्यावाचून अभ्यासकाला त्याचा उपयोग तो काय? महाकालेश्वराच्या परिसराचे रूप तर २०२२ मधील महाकाल लोकामुळे आपल्या डोळ्यांदेखत पालटले. त्याआधीची घरोघरची चित्रे आता पुन्हा टिपता येणार नाहीत.

निर्मात्याचा रकानाही असाच. छायाचित्रकाराचे नाव तेथे येते. पण गोपाळ मंदिर बांधविणाऱ्या बायजाबाई शिंदे, किंवा अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे करणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांची नावे वास्तूच्या नोंदीत कोणी घातली नाहीत, तर ती शोधात येणार कोठून? गोपाळ मंदिराचे चांदीचे दरवाजे मूळ सोमनाथाचे, असे सांगतात. ही आख्यायिका अवश्य नोंदवावी, परंतु आख्यायिका म्हणूनच.

येथील मराठी घरांतून जुने आल्बम अद्याप आहेत. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने तिथी, प्रसंग, कधी टिपणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. संगणकासाठी प्रत काढताना बहुधा दर्शनी बाजूचीच काढली जाते आणि ते दाखलपत्र आल्बमातच राहते. प्रत दोन्ही बाजूंची काढावी. आणि पाठ कोरी असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, ते आहेत तोवर, ती भरून घ्यावी.