दूरचित्रवाणीवरचे फौजदार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्या-पापडांवर बोलते, कोणी संतचरित्रावर. मी पोलिसी मालिकांवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीत जरा हशा पिकला. पण खरे सांगा, सी. आय. डी. लागली की गॅसवरची भाजी करपू देणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत? हात वर करू नका. त्यात पहिली मीच.

या घराण्यातला एक जुना पुरुष विलायतेतला आहे. १९५५ साली बी. बी. सी.वर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका सुरू झाली आणि १९७६ पर्यंत चालली. जॉर्ज डिक्सन हा लंडनमधला साधा शिपाई. गंमत अशी, की १९५० च्या ‘द ब्लू लॅम्प’ या चित्रपटात हाच डिक्सन गोळी लागून मेला होता. पाच वर्षांनी तो दूरचित्रवाणीवर जिवंत होऊन आला! ते काम करणारे जॅक वॉर्नर शेवटी शेवटी ऐंशी वर्षांचे झाले होते. भागाच्या आरंभी डिक्सन प्रेक्षकांना सलाम करी आणि शेवटी पुन्हा येऊन दोन शब्द सांगे. माझ्या भाचीने संगणकावर एक भाग दाखविला. निम्मे इंग्रजी डोक्यावरून गेले, पण पोलीस घरातल्या वडीलधाऱ्यासारखा बोलतो याचेच मला नवल वाटले. आमच्या लहानपणी गावात खाकी टोपी दिसली की पोरे गोठ्यात दडत आणि आजी कवाड लावून घेई.

पुढे १९६२ मध्ये ‘झेड कार्स’ आली. तिच्या पहिल्याच भागात एका पोलिसाच्या बायकोचा डोळा नवऱ्याच्या मारामुळे काळानिळा झालेला दाखविला होता. खात्याला ते रुचले नाही, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागत असे. नाव पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी तिथलीच. तीच पुढे १९९८ साली सी. आय. डी. घेऊन आली. ती २०१८ पर्यंत चालली, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. साटम मूळचे बँकेत नोकरीला होते. मला वाटते, ती हिशेब तपासण्याची नजर त्यांच्या प्रद्युम्नसाहेबांत उतरली असावी. दार तोडण्याचे फर्मान सर्वांना पाठ आहे. मला मात्र जुनी मराठी मालिका जास्त आवडे. तिच्यात आरडाओरडा कमी होता. बहिणीच्या बाळंतपणासाठी मी मुंबईस गेले होते, तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन तिचे काही भाग पाहिले.

त्यानंतर वर्षाच्या आतच आमच्या घरी, इथे भंडाऱ्यात, धाकट्या नणंदेचे लग्न निघाले. हळदीच्या दिवशी सासूबाईंच्या पाटल्या दिसेनात. पाहुण्यांनी घर भरलेले. कोणाच्याही तोंडून नाव निघाले नाही, पण सगळ्यांच्या माना परसाकडे वळल्या. तिथे आमची भांडेवाली पितळी गुंड घाशीत बसली होती. नऊ वर्षे ती आमच्याकडे होती. एका पाहुण्यांनी तिला उभे करून नको ते विचारले. ती म्हणाली, “बाई, तुमी सांगाल तं मी घर उकलून दाखवतो.” ती माझ्याकडे पाहून बोलत होती. मी काही बोलले नाही.

रात्री झोप येईना. तेव्हा मालिकेतल्या फौजदाराची रीत आठवली. तो आधी विचारी, की वस्तू शेवटची कोणी पाहिली, कधी, कोठे? घरात गरीब कोण आहे, हा प्रश्न त्याने कधी पहिला विचारला नव्हता. पहाटे सासूबाईंजवळ बसले आणि एकेक घटका उलगडीत गेले. आदल्या सायंकाळी पाटल्या हातात होत्या. हळद वाटताना काढल्या. मग भाचेजावई आले, चहा झाला, आहेराच्या तांदळासाठी कोठी उघडली. तांदळाशी आल्यावर सासूबाई एकदम थांबल्या. गर्दीत चोरी होईल या भीतीने त्यांनी स्वतःच पाटल्या रुमालात बांधून तांदळाच्या कोठीत खुपसल्या होत्या!

भांडेवाली त्यानंतर कामाला आली नाही. लग्न आटोपल्यावर मी लुगडे आणि पगार घेऊन तिच्या घरी गेले. पगार तिने मोजून घेतला. लुगडे ओट्यावर तसेच राहिले. “बसा बाई,” ती म्हणाली, पण स्वतः दारातच उभी राहिली. त्या पाहुण्यांचा दोष मी पुष्कळ दिवस उगाळला. परंतु त्या परसात तिने पाहिले होते ते माझ्याकडे.

त्या दिवशी खरोखरच शिपाई आला असता, तर आमच्यापैकी एकीलाही कायदा ठाऊक नव्हता. आज सांगते. साक्षीदार म्हणून चौकशीसाठी स्त्रीला ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यावयाचे असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची, तर ती अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढून. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही हे कायम आहे. फिर्याद नोंदविली की तिची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. शंभराच्या जोडीला आता ११२ हा क्रमांक आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायांनाही हे सांगा, कारण संशय आधी त्यांच्याच दारी जातो.

स्त्री फौजदाराबद्दल बोलायचे राहिलेच. विलायतेत १९८० साली ‘द जेंटल टच’मध्ये एक बाई मुख्य तपास अधिकारी झाली. आपल्याकडे १९८९ ची ‘उडान’ आठवत असेल. ती लिहिणाऱ्या कविता चौधरींच्या डोळ्यांसमोर त्यांची सख्खी बहीण होती. त्या कांचन चौधरी भट्टाचार्य २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. हल्ली सकाळी फिरायला जावे तर मैदानावर पोलीस भरतीसाठी मुली आठशे मीटर धावताना दिसतात. परवा एकीने मला थांबविले नि हातात घड्याळ देऊन म्हणाली, “काकू, एवढा वेळ लावता का?” मी तिचे तीन फेरे मोजले. घरी चहाला उशीर झाला, म्हणून बोलणी खाल्ली.