पवना धरण, बाबांचे डोळे आणि एक थेंब

आज कोडिंगचा विषय नाही. आज बाबांच्या डोळ्यांबद्दल बोलायचंय.

आमचं घर कामशेतला. बाबांना काचबिंदू आहे, रोज रात्री एक ड्रॉप टाकायचा असतो. मागच्या वर्षी बाटली संपली आणि त्यांनी नवीन आणलीच नाही. म्हणाले, "अरे, टाकला काय नि नाही टाकला काय, मला सारखंच दिसतं." मीही लोकलच्या धावपळीत पुन्हा विचारलं नाही. चार महिन्यांनी तपासलं तर प्रेशर २८! बाजूची नजर आणखी कमी झालेली. गेलेली नजर परत येत नाही.

मग त्यांना फरक कळला कसा नाही? आपलं पवना धरण आठवा. वरून पाणी येतं, खालून सोडतात. आवक तेवढीच राहून जावक कमी झाली की पातळी चढते. डोळ्यातही असंच पातळ पाणी सतत तयार होतं. हे अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी. रंगीत पडद्याच्या मागे बनतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कडेच्या बारीक जाळीतून रक्तात जातं. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा. जाळीतून निचरा नीट झाला नाही की तो वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. धरणातून पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना इशारा देतात. काचबिंदूत बहुतेक वेळा इशारा नसतोच. ना दुखत, ना लाल होत.

ड्रॉप्स काय करतात? टिमोलोल आवक कमी करतं. लॅटानोप्रोस्ट जावक वाढवतं, म्हणजे जाळीशिवाय स्नायूंमधून जाणारी दुसरी वाट मोकळी करतं. दोन्ही आजार बरा करत नाहीत, फक्त पातळी सांभाळतात. बंद केलं की पातळी पुन्हा चढते.

आता उलटी गोष्ट. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ आली होती, आठवतंय? तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून ड्रॉप्स आणले? त्यात स्टेरॉईड असेल तर लाली पटकन जाते, पण आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं तर काहींच्या डोळ्यातली तीच जाळी अडते आणि दाब वाढतो. तरुणांमध्येसुद्धा!

थेंब टाकायची पद्धतही सांगतो. एकच थेंब पुरतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबायचा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी जातं. दुसरा ड्रॉप असेल तर पाच मिनिटांनी. आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टिमोलोलने श्वासाचा त्रास वाढू शकतो.

आता रात्री साडेनऊला माझ्या फोनचा अलार्म वाजतो, बाबांच्या नाही. मी फोन करतो, "बाबा, टाकला का?" काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून मीही प्रेशर तपासून आलो. तुमच्या घरी कुणाला असेल तर आज एवढंच करा: बाटलीत औषध शिल्लक आहे का, बघा.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!